स्वस्त आरएफ उपकरणे स्मार्ट होम हबला जोडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे आरएफवर, म्हणजे रेडिओलहरींवर, ४३३ मेगाहर्ट्झला चालणारे रिमोट, दाराचे सेन्सर, बिनतारी घंटा, रिमोटचे स्विच आणि तापमानाचे सेन्सर आपल्या हबला, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणे एकत्र चालवणाऱ्या मध्यवर्ती यंत्रणेला, जोडू पाहणाऱ्यांसाठी आहेत. उत्तरे लिहिताना होम असिस्टंट या प्रणालीवर चालणारा हब गृहीत धरला आहे. तुमचा हब दुसरा असेल, तर पडद्यावरची नावे वेगळी दिसतील; रेडिओचा भाग मात्र तोच राहील.

वायफायचा बल्ब पाच मिनिटांत जोडला जातो, मग आरएफचा रिमोट थेट का जोडता येत नाही?

वायफायच्या किंवा झिगबी या स्मार्ट घरासाठीच्या बिनतारी पद्धतीच्या उपकरणाचे हबशी दोन्ही बाजूंनी बोलणे चालते. हबने ‘लाग’ म्हटले की बल्ब लागतो आणि लागल्याचे उलट कळवतोही. स्वस्त आरएफ रिमोटमध्ये फक्त ट्रान्समीटर असतो. बटण दाबले की तो आपला ठरलेला कोड हवेत सोडतो आणि गप्प बसतो; तो कोड कोणी ऐकला की नाही, हे जाणून घेण्याची सोयच त्याच्यात नसते. रिमोटवर चालणाऱ्या स्विचचे याच्या उलट असते. त्याच्यात फक्त रिसीव्हर असतो. तो ऐकतो, रिले (आतला विजेवर चालणारा स्विच) ओढतो, पण उत्तर देत नाही. या व्यवहारात पासवर्ड नाही, नोंदणी नाही आणि पोच तर नाहीच.

म्हणून हब आणि या उपकरणांच्या मध्ये एक दुभाष्या बसवावा लागतो. तो हवेतला कोड ऐकून हबला सांगतो आणि हबने दिलेला कोड हवेत सोडतो. पुढे त्याला ‘दुवा’ म्हटले आहे. येऊ शकणाऱ्या बहुतेक अडचणी या एकतर्फीपणातून निघतात. म्हणून खरेदीला निघण्याआधीच तो नीट समजून घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

माझ्याजवळचे उपकरण ४३३ मेगाहर्ट्झचेच आहे, हे कसे ओळखावे?

आधी ते आरएफचे आहे का, तेच पाहावे. रिमोटच्या तोंडाशी लहान एलईडी किंवा काळसर काच असेल आणि मध्ये हात धरल्यावर तो चालेनासा होत असेल, तर तो इन्फ्रारेडचा रिमोट आहे. पुष्कळ बीएलडीसी पंख्यांचे रिमोट असेच असतात. त्यांच्यासाठी इन्फ्रारेडचा दुवा लागतो आणि हे पान त्यांच्या उपयोगाचे नाही.

आरएफच्या रिमोटवर किंवा खोक्यावर बहुधा ४३३ किंवा ४३३.९२ असा आकडा छापलेला असतो. नसेल, तर मागचा स्क्रू काढून आत पाहावे. शर्टाच्या बटणाहून लहान अशी एक गोल चंदेरी डबी आतल्या सर्किटच्या पाटीवर दिसते. ट्रान्समीटरला ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर धरून ठेवणारा हा सॉ रेझोनेटर. त्याच्या माथ्यावर ‘आर ४३३’ किंवा ‘आर ३१५’ अशी बारीक अक्षरे असतात. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो मोठा केला की ती सहज वाचता येतात. शेजारी आठ पायांची छोटी चिप असेल, तर ती बहुधा कोड तयार करणारी, ईव्ही१५२७ जातीची असते. मोठी चिप आणि तिच्याजवळ तीन-तीनच्या रांगांत सोल्डरचे ठिपके दिसले, तर ती पीटी२२६२ असण्याची शक्यता जास्त. हे दोन प्रकार हबला जोडायला सर्वांत सोपे.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या वस्तूंबाबत सावध राहावे. तिकडे ३१५ मेगाहर्ट्झची उपकरणे बरीच चालतात आणि ४३३ साठी घेतलेल्या दुव्याला ती ऐकू येत नाहीत. भिंतीच्या प्लगात बसणारी तिकडची घंटा तर आपल्या २३० व्होल्टवर लावूच नये.

भारतात हा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो का?

घरात वापरायच्या कमी शक्तीच्या उपकरणांसाठी ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात परवान्यातून सूट आहे आणि प्रसारणाच्या शक्तीची मर्यादा १० मिलीवॉट आहे. म्हणूनच ‘एक किलोमीटर रेंज’ असा दावा करणारे ताकदवान ट्रान्समीटर घेऊ नयेत. त्यांनी नियम मोडतो आणि आजूबाजूच्या घरांतली उपकरणेही बहिरी होतात. भारतात विकल्या जाणाऱ्या बिनतारी उपकरणांना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (बिनतारी नियोजन आणि समन्वय) शाखेची ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराला मिळणारी, मान्यता लागते. विक्रेत्याकडे तिची चौकशी करायला संकोचू नये.

दुवा म्हणून कोणते उपकरण घ्यावे?

तुम्हाला फक्त ऐकायचे आहे, की बोलायचेही आहे, यावर हे ठरते.

फक्त ऐकायचे असेल, म्हणजे तापमानाचे सेन्सर, दाराचे सेन्सर आणि रिमोटची बटणे एवढेच हबमध्ये आणायचे असेल, तर आरटीएल-एसडीआर डाँगलइतका चांगला पर्याय माझ्या पाहण्यात नाही. मुळात संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी बनलेल्या या यूएसबी डाँगलमध्ये आरटीएल२८३२यू ही चिप असते. ती हवेतला कच्चा सिग्नल जसाच्या तसा संगणकाकडे देऊ शकते, हे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींच्या ध्यानात आले आणि तेव्हापासून तिचे नशीब पालटले. तिच्या जोडीला आरटीएल_४३३ ही मुक्त प्रणाली चालवली, की दोनशेहून अधिक प्रकारच्या उपकरणांची भाषा तिला आधीपासूनच येत असते. सेन्सरचे नाव, तापमान, आर्द्रता, सेल उतरला आहे का, ही सगळी माहिती आपोआप उलगडून मिळते. हे डाँगल बोलू मात्र शकत नाही.

बोलायचेही असेल, तर सोनॉफ कंपनीचा आरएफ ब्रिज ही बऱ्याच जणांची पहिली पायरी असते. मूळ ॲपमध्ये त्यात चार बटणांचे चार रिमोट, म्हणजे सोळा बटणे शिकवता येतात आणि सुरुवातीला तेवढे पुरते. पुढे त्यात टास्मोटा हे मुक्त फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारी प्रणाली) घातले, की सगळा व्यवहार घरातल्या घरात राहतो. इंटरनेट गेले तरी बटणे चालतात. विकत घेताना आवृत्ती जरूर पाहावी. जुन्या पाटीवर रेडिओचे काम करणाऱ्या ईएफएम८ चिपमध्ये पोर्टिश नावाचे फर्मवेअर घालता येते आणि मग अनोळखी कोडही पकडता येतात. ब्रिजच्या आर२ या मॉडेलच्या २.२ आवृत्तीत ती चिप बदलली आहे. तिच्यात ही वाट चालत नाही आणि पाटीवर तारा सोल्डर करून वळसा घ्यावा लागतो. सोल्डरिंगचा सराव नसेल, तर त्या फंदात पडू नये.

हातांनी करण्याची हौस असेल, तर ईएसपी३२ किंवा ईएसपी८२६६ हा वायफाय असलेला छोटा बोर्ड, एक रिसीव्हर आणि एक ट्रान्समीटर घेऊन ईएसपीहोम या प्रणालीच्या साहाय्याने स्वतःचा दुवा तयार करता येतो. ही वाट मला सर्वांत आवडते, कारण कुठे काय होते आहे ते डोळ्यांसमोर राहते. फक्त रिसीव्हर निवडताना दोन पैसे वाचवू नयेत. जोडीत मिळणारा सर्वांत स्वस्त रिसीव्हर सुपर-रिजनरेटिव्ह जातीचा असतो. शांततेतही तो सतत खरखर ऐकत राहतो आणि दुसऱ्या खोलीतला रिमोट त्या खरखरीत बुडून जातो. आरएक्सबी६ किंवा एसआरएक्स८८२ यांसारखा सुपरहेटरोडाइन रिसीव्हर किंचित महाग असतो, पण फरक पहिल्याच दिवशी कळतो. रिसीव्हर ५ व्होल्टवर चालवत असाल, तर त्याची डेटाची तार ईएसपीच्या ३.३ व्होल्टच्या पिनला थेट जोडू नये. मध्ये दोन रेझिस्टरांची विभागणी करावी. सीसी११०१ ही ऐकणारी आणि बोलणारी एकत्र पाटी घेतलीत, तर तिला ३.३ व्होल्टच द्यावेत. ५ व्होल्ट दिले की ती जळते.

कोड पकडायचा म्हणजे नेमके काय करायचे?

रिमोट दुव्यापासून दोन-तीन हातांवर धरून बटण दाबावे आणि दुव्याच्या नोंदीत उमटलेला आकडा टिपून घ्यावा. तेच बटण पाच-सहा वेळा दाबून पाहावे. दर वेळी तोच आकडा आला, तर कोड स्थिर आहे आणि काम झाले.

आकड्याच्या मागे काय घडते, हे एकदा पाहिले की पुढे गोंधळ होत नाही. ईव्ही१५२७ चा कोड २४ बिटांचा असतो. पहिले २० बिट म्हणजे त्या रिमोटची कारखान्यातच ठरलेली ओळख आणि उरलेले ४ बिट म्हणजे कोणते बटण दाबले ते. एखाद्या रिमोटची चारही बटणे दाबून पाहिली, तर आकड्याचा पुढचा भाग तोच राहतो आणि शेपूट तेवढी बदलते. हे बिट लहरीच्या लांबी-आखूडपणातून सांगितले जातात. ‘एक’ म्हणजे तीन मात्रा लहर चालू आणि एक मात्रा बंद. ‘शून्य’ म्हणजे एक मात्रा चालू आणि तीन मात्रा बंद. दोन कोडांच्या मध्ये एक मात्रा आवाज आणि एकतीस मात्रा शांतता असते. मात्रा साधारण ३५० मायक्रोसेकंदांची धरली, तर १२८ मात्रांचा हा सगळा कोड सुमारे ४५ मिलिसेकंदांत संपतो आणि बटण सोडेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हटला जातो.

पीटी२२६२ मध्ये ओळख कारखान्यात ठरत नाही, ती सोल्डरच्या ठिपक्यांनी ठरते. प्रत्येक जागी तीन पर्याय आणि आठ जागा असल्यामुळे एकूण ६,५६१ ओळखी होतात. एकाच दुकानातून घेतलेल्या दोन संचांची ओळख सारखी निघणे त्यामुळे अजिबात दुर्मीळ नाही. तसे आढळले, तर ठिपके बदलून आपला कोड वेगळा करून घ्यावा.

पकडलेला कोड हबपर्यंत कसा पोहोचतो?

बहुतेक दुवे एमक्यूटीटी या निरोपपद्धतीने बोलतात. १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर देखरेख ठेवण्यासाठी, उपग्रहाच्या महागड्या जोडणीवरूनही थोडक्यात निरोप जावा म्हणून ती तयार झाली. घरगुती उपकरणांना ती आजही अगदी नेमकी बसते. होम असिस्टंटमध्ये मॉस्किटो हा ब्रोकर (निरोपांची देवघेव करणारा मध्यस्थ) सुरू करावा, दुव्याला त्याचा पत्ता, नाव आणि पासवर्ड द्यावा आणि मग ‘अमुक आकडा आला तर हॉलमधले बटण दाबले असे समज’ अशी नोंद करावी. आरटीएल_४३३ ने ओळखलेले सेन्सर तर पूरक प्रणालीच्या मदतीने आपोआप यादीत दिसू लागतात.

येथे एक खूण लक्षात ठेवावी. बटणांच्या आणि सेन्सरच्या क्षणिक निरोपांना ‘रिटेन’ लावू नये. लावले, तर ब्रोकर शेवटचा निरोप जपून ठेवतो आणि हब पुन्हा सुरू झाला की तो नव्याने पोहोचवतो. मग पहाटे वीज आल्याबरोबर कोणी बटण न दाबताच बैठकीतले दिवे लागतात आणि घरातली मंडळी दचकून उठतात.

दाराचा किंवा हालचालीचा सेन्सर एकदा ‘उघडे’ झाला की तसाच का राहतो?

कारण बरेच स्वस्त सेन्सर फक्त घटना घडल्याचे सांगतात, संपल्याचे सांगत नाहीत. हालचालीचा सेन्सर ‘कोणीतरी हलले’ एवढेच म्हणतो. यावर होम असिस्टंटमध्ये ‘ऑफ डिले’ हा उपाय आहे. त्यात सेकंद लिहिले, की तेवढ्या वेळाने हब स्वतःच स्थिती पूर्ववत करतो. पुष्कळ सेन्सर सेल वाचवण्यासाठी एकदा निरोप दिल्यावर काही काळ झोपतात. त्या काळापेक्षा ऑफ डिले थोडा जास्त ठेवावा. नाहीतर माणूस खोलीत असतानाच दिवा मालवतो.

दाराच्या बाबतीत ही तडजोड करू नये. उघडल्याचा आणि बंद केल्याचा असे दोन वेगळे कोड पाठवणारा सेन्सरच घ्यावा. दिसायला दोन्ही प्रकार हुबेहूब सारखे असतात, म्हणून दुकानदाराला तसे स्पष्ट विचारावे.

बटण एकदाच दाबले, तरी ऑटोमेशन चार वेळा का चालते?

वर पाहिल्याप्रमाणे अर्धा सेकंद दाबलेल्या बटणातून तोच कोड दहा-अकरा वेळा बाहेर पडतो. दुव्याने त्यातले चार निरोप पुढे पाठवले, तर हबच्या दृष्टीने बटण चार वेळा दाबले गेले. दिवा आळीपाळीने चालू-बंद करणारे ऑटोमेशन असेल, तर तो शेवटी मूळ स्थितीतच येऊन थांबतो आणि ‘रिमोट चालत नाही’ अशी तक्रार होते. ऑटोमेशन ‘सिंगल’ पद्धतीत ठेवावे आणि त्याच्या शेवटी एक सेकंदाची थांब द्यावी. पहिला निरोप घेतला जातो आणि मागचे गळतात.

रिमोटचा स्विच चालू आहे की बंद, हे हबला कसे कळेल?

खरे उत्तर असे की, कळत नाही. हबने ‘चालू’चा कोड पाठवला, म्हणजे दिवा लागला असेल, असे तो धरून चालतो. तरीही हा अंदाज बराच विश्वासार्ह करता येतो.

पहिली गोष्ट म्हणजे, एकाच कोडाने चालू आणि बंद होणारे, म्हणजे टॉगल पद्धतीचे स्विच हबसाठी घेऊ नयेत. एक निरोप हुकला की तिथून पुढे सगळे उलटे होते. हब ‘बंद’ म्हणतो तेव्हा दिवा लागतो. रिमोटचा कोड शिकून घेणाऱ्या पुष्कळ रिसीव्हर पाट्यांत कोड शिकवताना बटण किती वेळा दाबले, त्यावर पद्धत ठरते. माहितीपत्रक पाहून चालूचा आणि बंदचा कोड वेगळा असलेली पद्धत निवडावी. मग हबला तोच निरोप दोनदा-तीनदा निर्धास्तपणे पाठवता येतो, कारण लागलेल्या दिव्याला ‘लाग’ म्हटल्याने काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट, घरातल्या मूळ रिमोटचे कोडही हबला ऐकवावेत. आजींनी पलंगावरून रिमोटने पंखा बंद केला, तर दुव्यालाही तो कोड ऐकू येतो आणि हबमधली स्थिती त्याप्रमाणे बदलता येते.

तिसरी अडचण आपल्याकडे विशेष जाणवते. वीज जाऊन आल्यावर बहुतेक स्वस्त रिले बंद स्थितीत उठतात. हब आणि राउटर इन्व्हर्टरवर असतील, तर त्यांना वीज गेल्याचा पत्ताही नसतो आणि हबच्या मते दिवे अजून चालूच असतात. इन्व्हर्टरवर नसलेल्या प्लगात वायफायचा एखादा साधा स्मार्ट प्लग लावून ठेवावा. तो दिसेनासा झाला की वीज गेली आणि पुन्हा दिसू लागला की आली, असे हबला समजते. त्यानंतर अर्ध्या मिनिटाने हबने सगळ्या स्विचांना त्यांची अपेक्षित स्थिती पुन्हा सांगावी. एवढ्या एका ऑटोमेशनने आमच्या घरातल्या निम्म्या तक्रारी संपल्या.

जिथे अंदाज चालणारच नाही, तिथे प्रत्यक्ष वीजप्रवाह मोजणारे उपकरण लावावे किंवा आरएफचा विचार सोडून द्यावा.

पाण्याच्या मोटारीसाठी आरएफचा स्विच वापरावा का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि याचे उत्तर मी स्वतःच्या अनुभवावरून देतो. मी आमची १ अश्वशक्तीची मोटार रिमोटच्या पाटीवर थेट जोडली होती. रिलेवर १० अँपिअर लिहिलेले होते, मोटार चालताना तेवढा प्रवाह घेत नव्हती, म्हणून मी निश्चिंत होतो. एका संध्याकाळी हबने टाकी भरल्याचे ओळखून मोटार बंद केली, तशी नोंदही उमटली आणि पाऊण तासाने खालच्या मजल्यावरच्या काकू सांगत आल्या की गच्चीवरून पाण्याची धार लागली आहे. मेन स्विच बंद करून पाटी उघडली आणि रिलेचे प्लास्टिकचे टोपण कापले. आतली पितळी पट्टी दुसऱ्या टोकाला चिकटली होती. दोन्ही टोके वितळून एक झाली होती आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक घालून ती सुटी करावी लागली.

मोटार सुरू होण्याच्या क्षणी चालू प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह खेचते. रिलेवर लिहिलेला आकडा हीटर किंवा बल्बसारख्या साध्या भारासाठी असतो, मोटारीच्या त्या झटक्यासाठी नसतो. म्हणून आरएफच्या रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची (मोठा भार उचलणाऱ्या दणकट विद्युत स्विचची) कॉइल चालवावी आणि मोटारीचा भार कॉन्टॅक्टरने उचलावा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

दुसरा भाग पाण्याच्या पातळीचा. दाराच्या साध्या सेन्सरमध्ये चुंबकाने मिटणारा एक संपर्क असतो. त्याच्या जागी टाकीतल्या फ्लोट स्विचच्या (पाण्यावर तरंगून पातळीप्रमाणे चालू-बंद होणाऱ्या स्विचच्या) दोन तारा जोडल्या, की तोच सेन्सर ‘टाकी भरली’ असे सांगू लागतो. ही युक्ती चांगली चालते; फक्त पावसाळ्यासाठी सेन्सर बंद डबीत ठेवून तारांची भोके सिलिकॉनने बुजवावीत. पण हा निरोपही पोच नसलेलाच असतो आणि हुकू शकतो. तेव्हा तीन थर ठेवावेत. कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत तारेने जोडलेला फ्लोट स्विच हा पहिला थर, कारण त्याला ना रेडिओ लागतो ना हब. मोटार ठरावीक मिनिटांहून जास्त चालू द्यायची नाही, हा टायमर दुसरा. आरएफचा निरोप तिसरा. टाकी भरायला नेहमी वीस मिनिटे लागत असतील, तर टायमर पंचविसावर ठेवावा. तो शक्य तर दुव्यातच ठेवावा, म्हणजे वायफाय किंवा हब बंद पडला, तरी बंदचा कोड वेळेवर जातो.

रेंज फार कमी मिळते. काय करावे?

आधी अँटेना तपासावी. ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ६९ सेंटिमीटर असते आणि तिचा चौथा भाग १७.३ सेंटिमीटर. एवढ्याच लांबीची एकेरी तांब्याची तार पाटीवरच्या अँटेनाच्या छिद्रात सोल्डर करून सरळ उभी ठेवावी. गुंडाळी करून डब्यात कोंबलेल्या तारेचा फारसा उपयोग होत नाही.

त्यानंतर जागा पाहावी. आरसीसीची भिंत ही लहर वायफायच्या तुलनेत बरी ओलांडते, पण लोखंडी कपाट, खिडकीची जाळी आणि पाण्याने भरलेली टाकी तिला अडवतात. दुवा टीव्हीच्या मागे किंवा मीटरच्या पेटीत न ठेवता घराच्या मध्यावर, माणसाच्या उंचीवर ठेवावा. डाँगल वापरत असाल, तर ते रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला चिकटवून न लावता मीटरभर यूएसबी वायरने दूर न्यावे. संगणकाची आणि एलईडी दिव्यांच्या पुरवठ्याची खरखर तेवढ्यानेही लक्षणीय कमी होते. तरीही गच्ची ऐकू येत नसेल, तर जिन्याच्या माथ्यावर ईएसपीचा दुसरा दुवा बसवावा.

नोंदीत अनोळखी कोड दिसतात. कोणी घुसखोरी करते आहे का?

बहुधा नाही. शेजारच्या घराची घंटा, समोरच्या दुकानाच्या शटरचा रिमोट आणि रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींच्या टायरमधले हवेच्या दाबाचे सेन्सर हे सगळे याच पट्ट्यात बोलतात. आरटीएल_४३३ त्यांतले बरेच ओळखते आणि इमाने इतबारे लिहून ठेवते. आपल्या उपकरणांची यादी करून बाकीचे गाळून टाकावे. शेजाऱ्यांकडे कोण कधी आले, हे त्यांच्या घंटेवरून साठवत राहणे गैर आहे. तसल्या नोंदी ठेवूच नयेत.

दाराचे कुलूप किंवा फाटक या मार्गाने उघडता येईल का?

स्थिर कोडाने कुलूप किंवा फाटक उघडू नये. तुम्ही ज्या साधनाने कोड पकडला, तेच साधन रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाकडेही असू शकते. एकदा ऐकलेला कोड तो हवा तेव्हा पुन्हा वाजवू शकतो. घरफोडीचा अलार्म बंद करणाऱ्या रिमोटलाही हेच लागू आहे.

चांगल्या फाटकांचे रिमोट एचसीएस३०१ सारख्या चिपवर चालतात. त्यात ६६ बिटांपैकी ३२ बिट सांकेतिक असतात आणि ते दर वेळी बदलतात. असा कोड दुव्याने पकडून पुन्हा पाठवला, तर फाटक तो जुना म्हणून नाकारते आणि तेच योग्य आहे. ते संरक्षण तोडण्याच्या मागे लागू नये. फाटकाच्या कंट्रोल पाटीवर भिंतीवरच्या बटणासाठी दोन टर्मिनल असतात. तिथे ईएसपीच्या रिलेचा कोरडा (स्वतः वीज न देणारा) संपर्क जोडावा आणि फाटक खरोखर मिटले का, हे पाहायला तारेचा चुंबकी सेन्सर लावावा.

सेल बदलल्यावर तापमानाचा सेन्सर हबमधून नाहीसा का झाला?

अशा सेन्सरांपैकी बरेच जण सेल घातल्यावर स्वतःसाठी नवी ओळख निवडतात. हबच्या दृष्टीने जुना सेन्सर मेला आणि नवा जन्मला. सेन्सरच्या पोटातल्या १-२-३ या चॅनेलच्या बटणावरून ओळखायची सोय असेल, तर तिचा वापर करावा. नसेल तर नोंदीत नवा आकडा लिहावा. याशिवाय ‘एक्स्पायर आफ्टर’ हा पर्याय अवश्य लावावा. मिनिटाला एकदा बोलणारा सेन्सर दहा मिनिटे गप्प राहिला, तर हबने तो ‘उपलब्ध नाही’ असे दाखवावे. नाहीतर सेल संपल्यावरही कालचेच तापमान आजचे म्हणून दिसत राहते.

मग सरळ झिगबीच का घेऊ नये?

दाराचे, धुराचे आणि पाणीगळतीचे सेन्सर झिगबीचेच घ्यावेत, असे माझे मत आहे. तिथे पोच मिळणे आवश्यक असते. पण घंटा, पलंगाजवळचे बटण, बाल्कनीतले तापमान किंवा आधीपासून घरात असलेला रिमोटचा दिवा यांसाठी आरएफ उत्तम आहे. एखादा निरोप हुकला, तर माणूस पुन्हा बटण दाबतो, एवढेच.

हब बिघडला, तर सगळे कोड पुन्हा पकडावे लागतात का?

होम असिस्टंटचा बॅकअप दुसऱ्या जागी ठेवलेला असेल, तर लागत नाहीत. आरएफ ब्रिजच्या सोळा खणांत शिकवलेले कोड मात्र ब्रिजबरोबरच जातात. म्हणून कागदावरही यादी करावी: खोली, उपकरण, २४ बिटांचा पूर्ण कोड, मात्रेची लांबी, चिपचे नाव, आत लागणारा सेल आणि तो बदलल्याची तारीख. रिमोटमध्ये बहुधा १२ व्होल्टचा २३ए किंवा २७ए सेल असतो. दोन्ही दिसायला सारखे, पण जाडीत वेगळे. यादीत नेमका क्रमांक असला की दुकानात दुसरी फेरी पडत नाही. माझी यादी मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवलेली आहे, म्हणजे मी घरी नसताना वायरमन आला, तरी कुठल्या स्विचमागे काय दडले आहे ते त्याला वाचता येते.